ताईची कोरी नळी

माझी थोरली बहीण रेणुजीवशास्त्रज्ञ. तिने उमेदीची सगळी वर्षं एका आरएनएवर घालवली. बाकीचे काही आरएनए प्रथिनं बनवण्याचा निरोप तरी नेतात, हा तेही करत नव्हता. "मग तो करतो तरी काय?" आईने विचारलं होतं. ताई म्हणाली, "आपले थोरले काका काय करायचे? दमडी कमावली नाही, पण त्यांच्या शब्दावाचून घरात पान हलत नव्हतं." तेव्हापासून आमच्या घरात त्या आरएनएचं नाव 'काका' पडलं.

आजारी हृदयात हा काका वाढतो, त्याला आवरलं की हृदय सावरेल, असं ताई सांगायची. त्या नादात लग्न राहूनच गेलं. आरएनए भारी नाजूक, उघड्या बोटाचा स्पर्श झाला तरी नासतो. सतत हातमोजे घालून तिच्या हातांची सालपटं निघायची. मी चिडायचे, "जिवंत माणसांना तरी इतकं जप!" ती नुसती हसायची.

मोजणाऱ्या यंत्राला आरएनए थेट वाचता येत नाही. एक एन्झाइम घालून आधी त्याची डीएनए-प्रत करावी लागते. म्हणून शेजारी एन्झाइम न घातलेली एक नळी ठेवायची. ती कोरी यायला हवी, म्हणजे यंत्राला तिच्यात काहीच सापडता कामा नये. नाही आली, तर नमुन्यात पेशींचाच डीएनए मिसळलाय असं समजायचं. सुरुवातीला निरोगी हृदयांच्या नमुन्यांत ती कोरी आली. ताईचे सर म्हणाले, "आता दर वेळी कशाला?" झालं, ती नळी लावणं बंद पडलं. पुढे ताईच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतही तीच रीत चालू राहिली.

गेल्या वर्षी तिचा नवा शोधलेख छापण्याआधी तपासणाऱ्याने त्या नळीचा निकाल मागितला. ताईने ती आजारी हृदयाच्या नमुन्यावर स्वतः लावली. नळी कोरी नव्हती. आजारी पेशी फुटत होत्या, त्यांचा डीएनए सांडत होता, आणि ताई इतकी वर्षं त्यालाच काका समजत होती. पुन्हा लावली, पुन्हा तेच. काका नव्हताच.

निवृत्त झालेले सर फोनवर म्हणाले, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या वर्षांत कुणाला कळलं?"

"मला कळलंय ना, सर."

तिने आपले सगळे लेख मागे घेतले. संस्थेने प्रयोगशाळा काढून घेतली. तिच्या भरवशावर काम केलेले लोक बोलेनासे झाले. मला विचाराल तर तिने मूठ झाकायला हवी होती. तिच्या त्या खरेपणाचा मला अजून संताप येतो.

आता ती घरीच असते, आईजवळ. आईचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत. काका नव्हताच, हे आईला कुणी सांगितलेलं नाही. काल मी दारात चपला काढत होते, तेव्हा आई ताईला विचारत होती, "तुझा काका कधी आवरतोय गं? तेवढं झालं की मी उठून बसेन."

जगाशी खोटं बोलायला नकार दिलेली माझी बहीण आईची उशी सरळ करत म्हणाली, "आवरत आलाय, आई."

आईने समाधानाने गोळी गिळली.