द्रानाची पाहुणी

द्रानाला आमच्या डोंगरात कोण ओळखत नव्हतं? नवरा मेल्यावर घोडी भाड्याने देऊन, वाटसरूंना खिंडीपार सोडून तिने घर चालवलं. लेक पाल असून नसल्यासारखा. त्याने भांडणात गावातल्या कोलच्या भावाला ठार मारलं, तेव्हापासून तो घरातच कोंडलेला. बाहेर दिसला की कोल गोळी घालणार. खुनाला खून, हीच आमची रीत. फक्त बाईवर हत्यार उचलायचं नाही, आणि कुणाच्या पाहुण्यावर तर नाहीच नाही.

तेव्हा एतेल्का आली. हंगेरीची. घोड्यावरून मुलुखभर फिरायची आणि पुस्तकं लिहायची. द्रानाने तिला पालचा घोडा दिला. खिंडीत गारांनी झोडपलं, बाई लटलट कापायला लागली, तशी द्रानाने लेकाचा झगा आणि पांढरी टोपी तिच्यावर चढवली.

"शोभतेस की गं! आता तुला बायको बघायला हवी."

हसत हसत एतेल्का पुढे गेली. द्राना वळणामागे आपल्या घोडीचा पट्टा आवळत राहिली, आणि धाडकन गोळी सुटली. घोडा कोसळला. बाई तोंडावर आपटली.

"पाल, भावाचं रक्त फिटलं!" कड्यावरून कोल ओरडला.

मारलेल्याला उताणं करून उशाशी बंदूक ठेवायची असते. कोल खाली आला, बंदूक ठेवली, अंग फिरवलं. टोपी गळाली, लांब वेण्या बाहेर आल्या. एतेल्का कण्हली. गोळी खांद्यातून आरपार.

तोवर द्राना धावत आली. तिने बंदूक उचलली.

"काकू, घोडा पालचा, टोपी पालची..."

"आणि डोळे तुझे फुटके!" तिने दस्ता असा हाणला की दात गारांत सांडले.

"सोडा त्याला," एतेल्का पुटपुटली. "मी माफ केलं."

"तू गप गं. रक्त तुझं, पण पाहुणी माझी." नळी कोलच्या हनुवटीखाली गेली. "पालला मोकळं कर. नाहीतर तुलाच उताणा करते."

कोल रक्त थुंकला. "माझा भाऊ मेलाय, काकू. ही जिवंत आहे."

द्रानाने नळी सरकवली आणि त्याचा कान उडवला. "आता बोल."

कोल गुडघ्यावर बसला, खूप वेळ रडला. मग भावाचं नाव घेऊन पालला मोकळं केल्याचा शब्द दिला, आणि एतेल्काला पाठीवर घेऊन गावात उतरला. दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही.

सकाळी पाल अंगणात आला. भर उन्हात, ताठ. द्राना दारातून सवयीने ओरडत राहिली, "अरे वाक! वाक खाली!"

तो वाकला नाही.