लतिकावहिनींची दाद

लतिकावहिनींना जर्मनीत गाता येत नव्हतं, आणि याला कारण त्यांची घरमालकीण. ड्युसेलडॉर्फच्या त्या घरात दुपारी एक ते तीन मिटाग्सरूहे, म्हणजे सक्तीची शांतता. आणि उरलेल्या वेळात तान ऐकू आली की मालकीणबाईंचं डोकं दुखायचं. पुण्यात बारा वर्षं तालीम घेतलेली बाई भांडी घासताना ओठ मिटून गुणगुणायची. त्यांचे यजमान श्यामकांत आणि मी एकाच संस्थेत लोखंडावर संशोधन करत होतो. "अहो, तुमचं लोखंडसुद्धा ठोकलं की आवाज करतं. मीच तेवढी गप्प," असं त्या म्हणायच्या, आणि श्यामकांत मुकाट्यानं वर्तमानपत्रात डोकं खुपसायचा.

मग त्यांनी जवळच्या चर्चचा गायकवृंद शोधून काढला. गायला नव्हे, ऐकायला. दर शनिवारी मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसायच्या. तिथले संगीतमास्तर हेर, म्हणजे श्रीयुत, लेमके कडक शिस्तीचे. सहा महिने त्यांनी वहिनींकडे पाहिलंही नाही. एकोणीसशे एकसष्टच्या वसंतात मात्र ते स्वतः उठून बाकापाशी आले. वहिनींना इंग्रजी चांगलं येतं, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

काम असं होतं : बर्गनहून एक नॉर्वेजियन गायकवृंद येणार होता, आणि रविवारी दोघांनी एकत्र गायचं होतं. त्यांच्या प्रमुख फ्रू थोरसेन, म्हणजे थोरसेनबाई. महायुद्धात जर्मन फौजा पाच वर्षं त्यांच्या गावात होत्या, आणि त्यांच्या धाकट्या भावाला धरून नेलं ते नेलंच. थोरसेनबाईंना जर्मन उत्तम येत होतं, पण त्या ते बोलत नसत. त्यांनी लेमकेंना इंग्रजीत कळवलं होतं, की शनिवारची तालीम जमली तर एकत्र गाऊ, नाहीतर आम्ही आमचं वेगळं गाऊन परत जाऊ. लेमकेंना इंग्रजी येत नव्हतं. वहिनींनी वाचून सांगितल्यापासून ते पत्र खिशात घालून ते आठवडाभर हिंडत होते.

लेमके तालमीत जागा सांगायचे ती चाल कुठे टेकते त्यावरून : "पहिल्या अर्ध्या विरामापासून पुन्हा." त्या सगळ्या विरामांची नावं जर्मन, इंग्रजी आणि नॉर्वेजियनमध्ये हवी होती. वहिनींनी कार्डं केली. पण नुसती नावं उतरवून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. प्रत्येक विराम लेमकेंकडून वाजवून घेतला आणि मांडीवर हातानं ताल धरून तपासला.

"भावजी, पूर्ण विराम म्हणजे समेवर येणं," त्यांनी मला स्वयंपाकघरात समजावलं. "अर्धा म्हणजे दारात येऊन थांबलेला पाहुणा. आणि हा तिसरा बघा, आता सम येणार म्हणून आपण हात उचलतो, आणि सूर भलतीकडेच उतरतो. इंग्रज त्याला फसवा म्हणतात. नॉर्वेजियनमध्ये शब्द आहे स्कुफेन्दे, निराश करणारा. काय माणसं आहेत! एवढी सुंदर हुलकावणी, आणि ही आपली तोंड पाडून बसणार!"

शनिवारी त्यांच्या आग्रहावरून मीही गेलो. हॉलमध्ये डावीकडे जर्मन, उजवीकडे नॉर्वेजियन, मध्ये दोन हात मोकळी जागा, आणि त्या जागेत जांभळ्या साडीतल्या वहिनी. लेमके जर्मनमध्ये सांगत, वहिनी इंग्रजीत फ्रू थोरसेनना सांगत आणि कार्ड वर धरत. चुका होत नव्हत्या. पण गाणंही होत नव्हतं. दोन्हीकडची माणसं हिशेबानं तोंड उघडत होती.

पाऊण तासानं ती हुलकावणीची जागा आली. सगळे आवाज शेवटाकडे चढत गेले, आता टेकणार असं वाटलं, आणि अलगद बाजूला उतरले. पहिल्यांदाच दोन्ही बाजू एकत्र उतरल्या.

"वाऽऽ! क्या बात है!" वहिनींनी मांडीवर थाप मारली. कार्डं जमिनीवर पसरली.

गाणं थांबलं. आपल्याकडे गप्प बसणं हा गवयाचा अपमान; तिथं तोंड उघडणं हा. लेमके लालबुंद झाले. आठवडाभराची सगळी भीती त्यांच्या आवाजात आली. "रूहे! शांतता!" ते ओरडले. "हा काय बाजार आहे?"

तो आवाज वाईट होता. हुकूम देणाऱ्याचा होता. उजवीकडच्या एका म्हाताऱ्यानं वही मिटली. फ्रू थोरसेन पुढे आल्या. आता ह्या निघणार, हे आम्ही सगळेच समजून चुकलो. वहिनी वाकून कार्डं गोळा करत होत्या.

फ्रू थोरसेननी एक कार्ड उचलून त्यांच्या हातात दिलं. मग लेमकेंकडे वळून त्या स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या, "त्यांच्यावर ओरडू नका, हेर लेमके. आज इथं गाणं फक्त त्यांनीच ऐकलं."

लेमकेंनी वहिनींसमोर येऊन मान झुकवली आणि थोरसेनबाईंना विचारलं, "आल्झो... तर मग, त्या जागेपासून पुन्हा घेऊ या?"

"हो," बाई म्हणाल्या, "पण जरा सावकाश."

त्यानंतर ते दोघं थेट जर्मनमध्येच बोलले, वादसुद्धा घातला. वहिनींना कुणी काही विचारलं नाही. त्या बाकावर बसून विणत राहिल्या.

परतताना ट्राममध्ये त्या डोळे पुसत हसत होत्या. "भावजी, उद्या मला तिथं काही कामच उरलं नाही हो!" मुलगी सुखरूप सासरी पोचल्याचं पत्र यावं, तसा त्यांचा चेहरा होता.

मी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं, आजही करतो. पण त्यांनी "वा" म्हटलं त्या क्षणी मी, तिथं हजर असलेला त्यांचा एकुलता एक गाववाला, लाजेनं हळूच खांबाआड सरकलो होतो. कार्डं उचलायला पुढे आली ती परकी बाई.