सोवळ्यातली गाडी

पूजा संपली की क्षमाप्रार्थना म्हणायची असते. आमच्याकडचे बहुतेक भटजी ती म्हणता म्हणता एका हाताने ताम्हन पिशवीत टाकत असतात. गुरुजी मात्र ती सावकाश, डोळे मिटून म्हणत, आणि झाल्यावर यजमानाकडेही त्याच चेहऱ्याने बघत. चुकलेलं काही नसे. पण आपलं कुठेतरी चुकलं असणारच, अशी त्यांची कायमची समजूत होती. रस्त्यात कोणाचा धक्का लागला तरी ओशाळत ते गुरुजीच.

मी मालवणात लोकांची इन्कम टॅक्सची कामं करतो. गुरुजी माझ्याकडे आले ते गाडीच्या कर्जामुळे. इकडे तारकर्ली, तिकडे कुणकेश्वर अशा पूजा करत स्कूटरवर फिरून त्यांची पाठ धरली होती, म्हणून त्यांनी एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घ्यायची ठरवली. बँकेने उत्पन्नाचा पुरावा मागितला आणि गुरुजी दक्षिणेचं रिटर्न भरू लागले. मी त्यांना समजावलं, की गाडी कामासाठी वापरता, तर तिचं पेट्रोल, दुरुस्ती, विमा, शिवाय ती दरवर्षी जुनी होते त्याचा घसारा, हे सगळं दक्षिणेतून वजा होतं आणि तेवढा कर कमी बसतो. दुसरा कोणी खूश झाला असता. गुरुजींचा चेहरा पडला.

"मी देवाच्या कामाक जातंय, आणि त्याचा पेट्रोल सरकारान सोसूचा?" ते म्हणाले.

"सोसूचा. कायदो आसा तसो," मी म्हटलं. "घरच्या वापराचो अंदाजे चौथो हिस्सो सोडूया, बाकीचो धरूया."

हा 'अंदाजे' त्यांच्या घशाखाली उतरेना. "अंदाज म्हणजे आपलीच सोय रे बाबू. कोण आपल्या तोट्याचो अंदाज करता?" सरकारने छोट्या धंदेवाल्यांना ढोबळमानाने उत्पन्न दाखवायची मुभा दिली आहे, तीही त्यांना नको होती. घरी जाऊन त्यांनी बराच विचार केला आणि दोन दिवसांनी तोडगा घेऊन आले. गाडी फक्त कामाला वापरायची. घरच्यासाठी अजिबात नाही. मग सगळा खर्च धरला तरी मनाला बोच नाही.

"ह्येंची गाडी सोवळ्यात आसा," असं काकू, म्हणजे गुरुजींची बायको, सगळ्यांना सांगत. त्या बाजारात चालत जात, नातेवाइकांकडे रिक्षाने आणि माहेरी धामापूरला एस्टीने. गुरुजींची पूजा वाटेवर असली तर मात्र त्यांना शेजारी बसायला मिळे, कारण तेवढ्याने गाडीची वाट वाढत नसे. त्या दिवशी काकू ठेवणीतली साडी नेसत. धामापूरला त्यांची म्हातारी आई भावाकडे होती. तिथलं कोणी बाजारात भेटलं की काकू विचारत, "घरात काय कार्य काढूक नाय? एक सत्यनारायण तरी घाला गो." बायका हसत, काकूही हसत.

गुरुजींना हसू येत नसे. एकदा पूजेहून येताना एस्टी चुकलेली एक मासे विकणारी बाई त्यांना रस्त्यात दिसली. तिला टोपलीसकट मागे बसवून त्यांनी वाट वाकडी करून तारकर्लीच्या फाट्यावर सोडलं. पुढे आठवडाभर यजमान गाडीजवळ आले की नाक मुरडत आणि गुरुजी मान खाली घालून समया उतरवत. त्याचं त्यांना काही नव्हतं. मला फोन करून म्हणाले, "बाबू, फाट्यापर्यंतचो प्रवास कामाचो नव्हतो. तेवढो काढ." दुसऱ्या एका वेळी कुणकेश्वरला मुंबईच्या यजमानांचा अभिषेक उरकल्यावर ते स्वतःसाठी दर्शनाच्या रांगेत उभे राहिले. मग परतीचा प्रवास यजमानांचा की आपला, हे विचारायला ऑफिसात आले. "जाताना मी तेंचो होतंय. येताना माझो होतंय," असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मला फार आवडे. दुसऱ्या गिऱ्हाइकांना मी गुरुजींचे किस्से रंगवून सांगत असे. खोटी बिलं घेऊन येणाऱ्यांना तर मुद्दाम सांगे. खरं म्हणजे कायद्याने त्यांना एवढं ताणायची काहीच गरज नव्हती, आणि ते त्यांना दामटून सांगणं हे माझं काम होतं. पण इतका चोख माणूस आपलं गिऱ्हाईक आहे याची मला मिजास होती. ऑफिसाबाहेरच्या बाकावर काकू रिक्षाची वाट बघत बसलेल्या असायच्या, तेव्हाही मी आत हसतच असायचो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

श्रावणात धामापूरहून काकूंच्या भावाचा फोन आला. आई जेवत नाही, तुझी आठवण काढते, येऊन जा. काकूंनी पिशवी भरली आणि एस्टीला निघाल्या. गुरुजींनी त्यांना दारातच थांबवलं. परवा धामापूरलाच एक वास्तुशांत होती. "परवा गाडीन जावया. तुका आवशीच्या दारात सोडतंय," ते म्हणाले. काकूंनी पिशवी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हातारी गेली.

जावई म्हणून गुरुजींना सुतक आलं. वास्तुशांतीला दुसरे भटजी बघावे लागले. म्हणजे गाडीला धामापुरात काहीच काम उरलं नाही. ती पहिल्यांदाच नुसत्या काकूंसाठी बाहेर निघाली.

हे मला गुरुजींनीच सांगितलं, पुढच्या रिटर्नच्या वेळी. "वाटेतल्या चौके गावापर्यंत ती पिशवी मांडयेर धरून बसली होती," ते म्हणाले. "मगे म्हणाली, तुमी गाडीन न्हेतलास म्हणान मी थांबलंय. नायतर एस्टीन गेलंय असतंय." टेबलावरचा पेपरवेट बाजूला सारून ते पुढे म्हणाले, "रागान नाय हां म्हणाली. सरळ म्हणाली. माझ्या गाडीत बसूक मिळतला म्हणान खूश झाली होती रे ती."

मग त्यांनी गाडीचा सगळा खर्च काढून टाकायला सांगितलं. मी म्हटलं, "गुरुजी, पूजेक तर तुमी खरोच गाडीन गेलास. तो खर्च खरो आसा."

"खरो आसा. तरी नको."

मी वाद घातला. आधी घालायला हवा होता तेव्हा घातला नाही आणि आता कायद्याची कलमं ऐकवत बसलो. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं, भरायचा तेवढा कर भरला आणि गेले. त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. कर्जही फिटलं होतं म्हणे. मला त्यांच्या घरी जाता आलं असतं. काकूंसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं ते कळेना, म्हणून गेलो नाही.

परवा कामासाठी स्कूटरवरून निघालो होतो. चौक्याला धामापूरची एस्टी थांबलेली होती आणि तिच्या मागे गुरुजींची पांढरी गाडी. गुरुजी एकटेच होते. एस्टीच्या खिडकीत काकू बसल्या होत्या. मी हात केला, त्यांनीही ओळखीचं हसून मान हलवली. मी गाडीजवळ जाऊन विचारलं, "गुरुजी, पूजा खंय?"

"पूजा नाय," ते म्हणाले. "ही भावाकडे चल्ली आसा. आता आपल्या गाडीन जावया म्हटलंय, तर म्हणता, माका एस्टीच बरी. धामापुराक उतरल्यावर घराकडे चढ आसा. तेवढ्याक तरी बसली तर बसात, म्हणान मागसून जातंय."

"बसतत?"

"अजून नाय."

कंडक्टरने घंटी दिली. गुरुजींनी गाडी सुरू केली आणि पुढचा रस्ता मोकळा असूनही एस्टीच्या मागे मागेच निघाले.