गिरजाबाईंनी सारवलेली लेन

बावाजींनी गोळा माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा टेबल करकरलं. भरीव लाकडाचा गोळा, लय जड, अन् मधोमध चीर.

"मिस्त्री, वसुबारसेच्या आत हा सरळ चालला पाहिजे," ते म्हणाले. "नाय चालला तर रजा विसर."

धमकी बरोबर जागी लागली. लग्नानंतरचा माझा पहिला दिवाळसण होता. बायको आधीच वालूरला माहेरी गेलेली. जावई येणार म्हणून सासरेबुवा गावभर सांगून मोकळे झालेले. दिवाळी झाली की कापसाचा सीझन, मग जिनिंगातून कुणालाच सुट्टी नाही. गेलो नसतो तर वालूरकरांनी वर्षभर नाव ठेवलं असतं. अन् खरं सांगू, मलाच बायकोला बघायची घाई झाली होती.

बावाजी म्हणजे आमचे मॅनेजर, पारशी माणूस. तो निजामाचा काळ. सेलूत कापसाशिवाय दुसरा खेळ कुणाला ठाऊक नव्हता, पण ह्यांनी तरुणपणी मुंबईच्या कुठल्याशा क्लबात बोलिंग पाहिलेलं. सिकंदराबादच्या छावणीत जुन्या सामानाचा लिलाव झाला, तिथनं हा गोळा उचलला. रिकाम्या गोदामात सागवानी फळ्यांची लांब पट्टी ठोकली. तिला लेन म्हणायचं. एका टोकाला लाकडी बाटल्या उभ्या करायच्या, दुसऱ्या टोकाहून गोळा सोडून त्या पाडायच्या. दोन्ही कडांना नाली. गोळा नालीत गेला की डाव फुकट. वसुबारसेला तहसीलदार साहेब जिनिंग बघायला येणार होते. त्यांच्या हातून बाटल्या पडल्याच पाहिजेत, हा बावाजींचा हट्ट.

चिरेत मी लाख वितळवून ओतली. अंगठ्याचं भोक कुण्या गोऱ्या सोल्जरच्या मापाचं, त्यात माझे दोन अंगठे बसायचे. ते बाभळीच्या खुंटीनं बुजवलं, बेताचं नवीन भोक पाडलं, अन् सगळा गोळा पॉलिश करून घेतला. बाभूळ त्या लाकडाहून हलकी, त्यामुळं गोळ्याची एक बाजू जड राहिली. तेल लावलेल्या परातीत ठेवला की तीच बाजू फिरून खाली यायची.

मग चाचणी. इंजिनरूमची जमीन वर्षानुवर्षं तेल पिऊन गुळगुळीत झालेली. तिथं गोळा घसरत नाकासमोर गेला. बावाजींच्या व्हरांड्यातल्या कोरड्या शहाबादीवर तो डावीकडं वळला अन् बाईसाहेबांची गुलाबाची कुंडी फोडून थांबला. माझ्या घरी सारवलेल्या जमिनीवर तर चांगला हातभर वळला. शेजारणीचा रांजण थोडक्यात वाचला. गणित सोपं होतं. तेलावर गोळा घसरतो, कोरड्यावर जमीन धरतो, अन् जमीन धरली की जड बाजू त्याला आपल्याकडं ओढते. म्हणून मी लेनला जवसाचं तेल पाजलं. गोळा सुतासारखा सरळ! बावाजी नाचायचेच बाकी राहिले. मी घरी जाऊन वालूरसाठी नवं धोतर काढून ठेवलं.

वसुबारसेला दुपारी गोदामात पाऊल टाकलं अन् तेलाऐवजी शेणाचा वास आला. सगळी लेन शेणानं सारवलेली. बोटांच्या लाटा कशा एकसारख्या! अलीकडच्या टोकाला मधोमध सतरंजी, भोवती रांगोळी. शेजारी आमच्या झाडलोटीच्या गिरजाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"सरकारी पाव्हणा यायलाय अन् जमीन अशी तेलकट?" त्या म्हणाल्या. "आधी राखेनं घासली, मग सारवली. आज वसुबारस हाय, शेणाला काय तोटा?"

आमच्या मुलखात पाहुणा यायच्या आधी जमीन सारवतातच. त्यावर आता तेल ओतलं असतं तर चिखल झाला असता. तेवढ्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजलाच.

साहेब मोठे रुबाबदार. शेरवानी, रुमी टोपी. मान जाणणारा माणूस, त्यामुळं सतरंजी सोडून तसूभर हलेना. पहिला गोळा डाव्या नालीत. दुसराही तिथंच. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. बावाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की माझं वालूर गेलंच.

मी गिरजाबाईंना बाजूला घेतलं. सतरंजी उजवीकडं हातभर सरकवा म्हटलं. त्या म्हणाल्या, रांगोळी मोडंल की. म्हटलं, दुसरी काढा, पाया पडतो तुमच्या.

बाई लय हुशार. सरळ साहेबांपुढं जाऊन म्हणाल्या, "सरकार, हितं ऊन तोंडावर यायलंय. जरा हिकडं ऱ्हावा." अन् सतरंजी ओढून भोवती दोन रेघा मारल्यासुद्धा.

साहेब निमूटपणे सरकले. गोळा सोडला. तो निघाला उजव्या नालीच्या कडेकडेनं. बावाजींनी डोळे मिटले. मी मात्र उघडे ठेवले, कारण सासुरवाडी माझी होती. अर्ध्यात गेल्यावर गोळा हळूच वळला, गोठा दिसल्यावर बैल वळतो तसा, अन् धडाधडा सगळ्या बाटल्या आडव्या! साहेब जागच्या जागी उडालेच. मग काय, गोळा त्यांच्या हातून सुटेचना. बावाजींनी खेळ दाखवायला म्हणून आपल्या नेहमीच्या मधल्या जागेवरून गोळा टाकला, तो थेट नालीत. साहेब टोपी हातात घेऊन हसले.

जाताना त्यांनी मला विचारलं, "बोलो मिस्त्री, क्या होना?"

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. "वालूर, हुजूर."

साहेबांना काही उमगलं नाही. बावाजींना उमगलं. आधीच घामाघूम झालेले, त्यांनी हात जोडून मला निघ म्हणून सांगितलं.

दिवे लागायला वालूरला पोचलो. ओसरीवर माझ्यासाठी सतरंजी अंथरलेली, भोवती रांगोळी. बसायच्या आधी मी खालची जमीन नीट न्याहाळली, हाताला चांगली कोरडी लागली. दाराआडून बायको फिस्सकन हसली. म्हणाली, "जमिनीत काय हुडकायलात? मी हिकडं हाय."

परत येताना सासूबाईंनी दिलेले अनारसे आधी गिरजाबाईंच्या घरी पोचवले. पुढं जन्मभर यंत्रं दुरुस्त केली. चालवणार कोण, हे सगळेच मिस्त्री विचारतात. मी खालची जमीन कोण झाडतं, तेही विचारतो.