एका ओळीचा जबाब

पोर्चसमोर ट्रायपॉडवर मोजणीचं मशीन लावलं होतं आणि हॉटेलचे मालक माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत होते.

"साहेब, मागचा मळापण बंगल्यातच धरा. तिथं लग्नांसाठी लॉन करायचं आहे."

"मी धरत नसतो, मोजतो," मी म्हणालो. तेव्हा मला हे फार बाणेदार वाटलं होतं.

मी भूकरमापक होतो. लोक आम्हाला मोजणीवाले म्हणतात. हा बंगला अकोल्याहून बाळापूरकडे जाताना रस्त्यापासून आत आहे. कापूस खरेदी करणाऱ्या एका इंग्रज कंपनीच्या मॅनेजरने तो बांधला. उंच छत, लाकडी जिना आणि भिंतीत शेकोटी. अकोल्यात शेकोटी बांधणाऱ्याच्या अकलेबद्दल मी काही बोलत नाही. इंग्रज गेल्यावर एका जिनिंगवाल्याने तो घेतला, मग त्यात सरकीची पोती भरली, मग कित्येक वर्षं नुसतं कुलूप, आणि आता या मालकांनी हॉटेलसाठी तो विकत घेतला होता. मागचा मळा मात्र कधी पडीक राहिला नाही. आता तो कसणाऱ्या पंचफुलाबाईंचे आजेसासरे त्या मॅनेजरचे माळी. जाताना तो त्यांना "मळा तू खा" असं तोंडी सांगून गेला. तेव्हापासून हे कुटुंब तिथं वांगी, मेथी आणि झेंडू पिकवत होतं.

मोजणीत दोन गोष्टी पाहतात. एक कागदावरची हद्द, दुसरी वहिवाट, म्हणजे जमीन खरोखर कोण कसतंय. वहिवाट वेगळी दिसली तर नकाशात तुटक रेष काढायची आणि कसणाऱ्याचा जबाब घ्यायचा. ती रेष पुढे कोर्टात उपयोगी पडते.

बाईंना बोलावलं. साठीच्या, हातात खुरपं. मालक शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी पदर डोक्यावर ओढला.

"मळा कोणाचा?"

"कोनाचा म्हंजे? बंगल्याचाच हाय ना बापा. आमी तं राखून राहिलो."

"लिहून घ्या साहेब," मालक म्हणाले.

मी वऱ्हाडातच वाढलो. मोठ्या माणसासमोर 'हे माझं' म्हणणं आमच्याकडे उर्मटपणाचं समजतात. बाई रीतीचं बोलल्या होत्या, हक्काचं नव्हे, हे मला तिथंच कळलं होतं. मालकांना पाच मिनिटं आत पाठवून "किती वर्षं कसता?" एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. ऊन चढलं होतं आणि दुपारी दुसरी मोजणी होती. मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, सही घेतली. तुटक रेष काढली नाही.

पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा गजानन ऑफिसात आला. "साहेब, मळ्यात जेसीबी लावतो म्हनतात. तुमच्या नकाशात आमी नाईच?"

"तुझ्या आईने तसा जबाब दिला."

"माय असं काहून बोलली, तुमाले समजत नाई?"

समजत होतं. मी त्याला निमताना मोजणीचा अर्ज करायला सांगितलं. निमताना म्हणजे खालच्याने केलेली मोजणी वरिष्ठाने पुन्हा तपासायची. वरिष्ठ आले. जबाब वाचला. "सही तुमची?" बाई "हो" म्हणाल्या. दहा मिनिटांत काम संपलं. मी बाजूलाच उभा होतो. "मी नीट विचारलं नाही" एवढं बोललो असतो तर फार तर एक मेमो मिळाला असता. मी मूग गिळून बसलो. कोर्टातही तोच कागद चालला. पावसाळ्याच्या आत मळा सपाट झाला.

गेल्या वर्षी साडूच्या मुलीचं लग्न त्याच लॉनवर होतं. रिसेप्शनपाशी बंगल्याचा इतिहास पितळी पाटीवर लावलाय. इंग्रज मॅनेजर, शेकोटी, लाकडी जिना, सगळं आहे. शेवटी लिहिलंय, 'मागील मळा एका इमानी माळी कुटुंबाने तीन पिढ्या कसला.' माझ्या नकाशात जे नव्हतं, ते मालकांनी आपल्या हाताने भिंतीवर लावलं होतं.

"पाहुण्यांना असं वाचायला आवडतं," मालक म्हणाले.

मी पाटीचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी गजाननला दाखवायला बाजारात गेलो. तो आता घाऊक भाजी घेऊन गाडीवर विकतो. त्याने फोटो नीट पाहिला, मोबाइल परत दिला.

"आता याचं काय करू साहेब? मायले वाचून दाखवू?"

मी मोबाइल खिशात टाकला. जबाब कोणाच्या समोर घेतला, हे लिहायला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. तो मोजणाऱ्याने स्वतःच्या डोक्यात ठेवायचा असतो. मी ठेवला नाही. मला त्याची शिक्षा झाली नाही, पूर्ण पेन्शनवर रिटायर झालो.