तीन नंबरचा फलाट

दिल्लीच्या द्वारकेत सोसायट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा मी तिथे पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. टेलिफोन अजून लागला नव्हता, म्हणून खालच्या पंजाबी आंटींचा नंबर सगळ्यांना दिलेला. आंटींना जोडाक्षर सोसत नसे. मध्ये एक 'अ' सरकवून त्या ते सैल करून टाकत. स्टेशनचं सटेशन, माझ्या स्कूटरची सकूटर. आईने दिलेला प्रसाद त्या परसाद म्हणून खात आणि पुन्हा मागत.

माझ्या लग्नाचं घोडं मात्र अडलं होतं. दिल्ली लांब पडते म्हणून दोन स्थळांनी आधीच नकार दिला होता. परभणीची मुलगी मला मनापासून आवडली होती, आणि तिच्या वडिलांचा फोन नेमका मी ऑफिसात असताना आला.

संध्याकाळी आंटी बर्फी घेऊनच वर आल्या. "बात पक्की समझो," म्हणाल्या. मग मुलीच्या वडिलांशी फोनवर झालेलं बोलणं साग्रसंगीत सांगितलं.

"लडका किधर रहता?"

"अपना फलैट है जी. तीन नंबर."

"रोज वहींच सोता?"

"और कहाँ सोएगा जी? गाड़ी भी नीचे ही खड़ी रहती है."

माझ्या स्कूटरला लग्नापुरती त्यांनी बढती दिली होती. मी खूश होऊन बर्फी खाल्ली.

रविवारी मुलीच्या वडिलांचा पुन्हा फोन आला. "तुमचं बाकी सगळं पसंत आहे हो," ते अवघडून म्हणाले, "पण मुलीला फलाटावर कशी नांदायला पाठवू?"

मला आधी काही कळेचना. मग आंटींचा 'अ' आठवला. फलाट नव्हे, फ्लॅट, चार भिंतींचा, हे मी ओरडून ओरडून समजावलं. शेजारी आंटी "हाँ जी, फलैट, फलैट" म्हणून मला दुजोरा देत होत्या. पलीकडून पुढचा प्रश्न आला.

"आणि गाडी?"

"स्कूटर आहे."

"गाडीचं तेवढं खरं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले, आणि होकार दिला.

लग्नानंतर आम्ही नवी दिल्लीला उतरलो. नवरी रस्ताभर फारसं बोलली नव्हती. परक्या मुलखात आणून हिला रडवतो की काय, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला होता. ती ट्रंकेवर बसली, पदर सावरला, फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट न्याहाळला.

"जागा ऐसपैस आहे," म्हणाली. "चूल कुठे मांडू?"