भट्टीचा फोटो

नेपियर टाउनमधल्या आमच्या संस्थेत पाहुण्यांचं राहणं-जेवणं माझ्याकडे असतं. मागच्या वर्षी झांबियातल्या एका खेड्यातली बाई आली होती. गावानं तिला जंगलाची राखणदार निवडलेलं. कोणी चोरून झाडं तोडली, कोळशाची भट्टी लावली, की ती फोनवर फोटो काढायची आणि गावानं सांगितलं तरच तिकडच्या वनखात्याला धाडायची. आमच्या सरांना ही रीत नर्मदाकाठच्या खेड्यांत आणायची होती.

पहिल्याच दिवशी सरांनी तिला फोटो पाठवून दाखवायला सांगितलं. फोनमध्ये एकच फोटो पडून होता, आणि ती भट्टी तिच्या सख्ख्या धाकट्या भावाची. ती इंग्रजीत सावकाश समजावत होती. त्यांच्याकडे पकडलेल्या माणसाला आधी गावासमोर बसवतात. तो चूक कबूल करतो, सगळ्यांदेखत रोपं लावतो. तरी सुधारला नाही, तरच त्याचा फोटो गावाबाहेर जातो. भावाची बैठक ती परतल्यावर व्हायची होती.

सरांनी हसत तिच्या हातातून फोन घेतला आणि फोटो पाठवायचं बटण दाबलं.

“सर, काहून दाबलं? ती नाही म्हणून राहिली ना!”

“अरे दीदी, डेमो है. चलो, चाय भिजवाओ.”

अस्सा संताप आला मला! पण चहा पाठवला.

शेवटच्या दिवशी सकाळी ती जिन्यात बसलेली दिसली. आईचा फोन आला होता. वनखात्याच्या शिपायांनी भट्टी जाळली, शेजारची भावाची झोपडीही जाळली आणि त्याला मारत नेलं. आई म्हणाली होती, परक्यालाही गाव आधी समोर बसायला जागा देतं, तू भावाला दिली नाहीस. माझ्या दारात पाय ठेवू नकोस. मी धावत सरांकडे गेले. ते समारोपाला आलेल्या, फेटा बांधलेल्या पाहुण्यांना हॉलमध्ये नेत होते. “बाद में, दीदी, बाद में.”

हॉलमध्ये सरांनी पडद्यावर फोटो लावला. तिकडच्या खात्यानं कौतुकानं पाठवलेला. काळी जमीन, धूर, अर्धी उभी भिंत. “देखिए, गाँव जागा तो जंगल बचा!” टाळ्यांचा नुसता कडकडाट. जळालेली झोपडी तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. सरांनी तिला हाताला धरून पुढे नेलं, शाल घातली, हातात नारळ दिला आणि फोटोवाल्याकडे तोंड करून उभे राहिले. मेल्याला तिचा चेहराही दिसला नाही.

बाहेर ऑटोची वाट पाहताना तिनं नारळ पुढे करून विचारलं, याचं काय करायचं?

“शुभ असतो. घरी न्यायचा,” मी सवयीनं बोलून गेले.

“कोणाच्या?” तिनं विचारलं.